बाबांचे कान तोफेवर गेले, कागद म्हणतो 'सेवेशी संबंध नाही'. इतक्या वर्षांनी अपील करता येतं का?

खटावची लेक

नमस्कार. बाबांसाठी विचारतेय. ते तोफखान्यात होते. १९८५ ला भरती झाले, २००९ ला हवालदार म्हणून पेन्शन आले. १९९९ ला द्रासला बोफोर्सवर होते, नंतर अडीच वर्षं देवळालीला.

आता दोन्ही कानांना फार कमी ऐकू येतं. मोठ्याने बोललं की आवाज कळतो, शब्द कळत नाहीत. माझा मुलगा पाच वर्षांचा आहे, त्याची बारीक हाक त्यांना लागतच नाही. पोरगं जाऊन त्यांचा सदरा ओढतं. डेअरीवर फॅट किती लागली ते ऐकू येत नाही म्हणून पावती हातात पडेपर्यंत थांबून राहतात. पारावर बसायला जाणं दोन वर्षांपासून बंद झालंय. रात्री आईला म्हणतात, रातकिडे फार ओरडतायत. उन्हाळ्यात कुठले रातकिडे?

दिवाळीत माळा आवरताना त्यांच्या ट्रंकेत एक पत्र सापडलं. इंग्रजीत आहे. मला समजलं ते असं: दोन्ही कानांना बहिरेपणा, २० टक्के, कायमचा. पण तो सेवेमुळे झालेला नाही, सेवेमुळे वाढलेलाही नाही, कारण तो 'शांतता क्षेत्रात' सुरू झाला. त्यामुळे डिसॅबिलिटी पेन्शन नामंजूर. शेवटी एक ओळ आहे की पटत नसेल तर सहा महिन्यांत अपील करा. पत्र २०१० चं आहे. बाबांनी काहीच केलं नाही. विचारलं तर म्हणाले, "वरनं आलंय ते बरोबरच असंल."

आता काही करता येतं का? सुरुवात कुठून करू? आणि बाबांना कसं तयार करू? ते म्हणतात, आपण सरकारपुढं हात पसरायचा नाही.

माजी सैनिक, कोरेगाव

ताई, माझंही असंच नामंजूर झालं होतं. मी पहिलं अपील केलं, तेही फेटाळलं, मग सोडून दिलं. ईसीएचएसमधून, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून, कानाचं मशीन मिळालं तेवढ्यावर समाधान. पण तुम्ही विचारून बघा, इथे केस लढलेले लोक आहेत. एकच सांगतो, गावात फिरणाऱ्या एजंटाला मूळ कागद देऊ नका. आमच्याकडे एकाने फरकाच्या रकमेतला तिसरा हिस्सा मागितला होता.

नायब सुभेदार (निवृत्त), तोफखाना

ताई, आधी बाबांसाठी निरोप. त्यांना म्हणावं, तुमच्यासारख्याच एका गनरने लिहिलंय. पाय गेला असता तर पेन्शन मागायला लाज वाटली असती का? कानाची जखम दिसत नाही, एवढाच फरक. आपण आपला हिशेब मागतोय.

मी २०११ ला पेन्शन आलो. माझ्या पत्रातही अक्षरशः हेच होतं: २० टक्के, कायमचं, पण सेवेशी संबंध नाही. कुठल्या कार्यालयाचं पत्र ते इथे लिहीत नाही, त्याने काही साधत नाही. निकाल २०१८ ला माझ्या बाजूने लागला. सात वर्षं गेली, त्यातली निम्मी मला काहीच माहीत नव्हतं म्हणून गेली. म्हणून सविस्तर लिहितो, कंटाळा करू नका.

उशिराचं आधी. दावा मेलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा तरसेम सिंग निकाल आहे. पेन्शन दर महिन्याची गोष्ट, ती चुकीने अडवली तर चूक दर महिन्याला नव्याने घडते. म्हणून वर्षांनंतरही दाद मागता येते. फक्त मागची थकबाकी मिळते ती साधारण अर्ज दाखल केल्याच्या आधीच्या तीन वर्षांची. म्हणजे आज तुम्ही महिनाभर थांबलात तर मागचा एक महिना कायमचा गेला. गेलेल्या पंधरा वर्षांचं दुःख करू नका, पण पुढचा महिना घालवू नका.

आता लगेच अपील लिहायला बसू नका, मी तीच चूक केली. पहिलं अपील रागाने एका रात्रीत लिहिलं: मी देशासाठी हे केलं, ते केलं, माझ्यावर अन्याय झाला. सगळं खरं होतं. चार ओळींचं उत्तर आलं, फेटाळलं. त्यात एकही कागद जोडलेला नव्हता, मग दुसरं काय होणार?

दोन कागद मिळवा. एक, भरतीच्या वेळच्या मेडिकल तपासणीचा. दुसरा, पेन्शन येताना झालेल्या रिलीज मेडिकल बोर्डाचा. त्या फॉर्मचं नाव एएफएमएसएफ-१६, अर्जात तसंच लिहा. बाबांच्या रेकॉर्ड ऑफिसला माहिती अधिकारात अर्ज करायचा, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावायची, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आर्मी नंबर, रँक, भरतीची आणि डिस्चार्जची तारीख, डिस्चार्ज बुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स. अर्ज बाबांच्याच नावाने आणि सहीने करा, मेडिकल कागद दुसऱ्याला देत नाहीत. 'सर्व्हिसमधली सगळी मेडिकल कागदपत्रं, ऑडिओग्रामसह' असंही लिहा. मला कागद वेळेत मिळाले, तिथे काही तक्रार नाही.

माझा भरतीचा कागद हातात आला तेव्हा मी तो ओट्यावर बसून तीन वेळा वाचला. पिवळा पडलेला, घडीवर विरलेला. कानाच्या रकान्यात दोनच नोंदी होत्या: उजवा एफडब्ल्यू ६०० सेंटीमीटर, डावा एफडब्ल्यू ६०० सेंटीमीटर. एफडब्ल्यू म्हणजे कुजबुज. डॉक्टर सहा मीटर लांब उभे राहतात, तुम्ही पाठ करून, एक कान बोटाने दाबून. ते आकडे कुजबुजतात, तुम्ही मोठ्याने सांगायचे. म्हणजे एकोणीस वर्षांचा असताना सहा मीटरवरची कुजबुज मला दोन्ही कानांनी ऐकू येत होती, आणि हे लष्कराच्याच डॉक्टरने सही करून लिहिलेलं होतं. केस तिथेच उभी राहिली.

कारण सर्वोच्च न्यायालयाचा धरमवीर सिंग निकाल, जुलै २०१३ चा. हा निकाल बाबांना मराठीत वाचून दाखवा. त्याचं सार असं: भरतीच्या वेळी एखाद्या आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट आला असंच धरायचं. नंतर तब्येत बिघडून बाहेर पडला तर ते सेवेमुळे झालं असं धरायचं. सेवेमुळे झालं नाही असं म्हणायचं असेल तर तसं दाखवण्याचा भार सैनिकावर नाही, आणि शंका उरली तर तिचा फायदा सैनिकाला. शिवाय मेडिकल बोर्डाने कारण लिहिलं पाहिजे, नुसता 'नाही' चालत नाही. पेन्शनच्या नियमात हे १९८२ पासून होतंच, या निकालाने ते ठासून सांगितलं. (कोणी २१ सप्टेंबर २०२३ नंतर पेन्शन आला असेल तर त्याला नवे नियम लागू आहेत, त्याने हे जसंच्या तसं धरू नये. तुमच्या बाबांना ते लागू नाहीत.)

आता 'शांतता क्षेत्र'. या दोन शब्दांवर तोफखान्याच्या किती माणसांची पेन्शन अडली असेल! रिलीज बोर्डाच्या त्या फॉर्म-१६ मध्ये कुठे कुठे पोस्टिंग झाली त्याचा तक्ता असतो, शेवटी एक रकाना, पी किंवा एफ. पीस किंवा फील्ड. बहिरेपणाची पहिली नोंद ज्या तारखेला झाली त्या तारखेसमोर पी असेल तर लिहून मोकळे होतात. पण तोफखान्याला पीस स्टेशन म्हणजे काय? रेजिमेंट पीसमध्ये असली की फायरिंग रेंजवर जाते. आणि देवळाली? अख्ख्या तोफखान्याची शाळा तिथे आहे. एकामागून एक कोर्स येतो, प्रत्येक कोर्सला फायरिंग. दरवर्षी पाहुण्यांसमोर मोठं प्रात्यक्षिक होतं, पूर्वी 'सर्वत्र प्रहार' म्हणायचे, आता 'तोपची' म्हणतात. गाव ऐकतं, नाशिककर ऐकतात. मी तिथे तीन वर्षं गनवर होतो. सीमेवर सगळ्या नोकरीत झाला नसेल एवढा फायर मी त्या 'पी' लिहिलेल्या तीन वर्षांत केला. तुमच्या बाबांची अडीच वर्षं तशीच असणार. त्यांना विचारा: कुठली गन, डिटॅचमेंटमध्ये, म्हणजे गनवरच्या तुकडीत, काम काय, कानात काय घालायचे. आमच्या वेळी कापसाचा बोळा. बोफोर्स तीन गोळ्यांचा बर्स्ट मारते, एक, दोन, तीन, श्वास घ्यायला सवड नाही. पहिल्याच गोळीला बोळा सुटून कॉलरमध्ये पडायचा आणि तो उचलायला हात रिकामा नसायचा.

आणि बाबा द्रासला होते. कारगिलमध्ये आपल्या तोफखान्याने अडीच लाखांवर गोळे, बॉम्ब आणि रॉकेट डागले. ते कोणाच्या तरी कानाजवळूनच गेले ना.

आता सगळ्यात अवघड गोष्ट, जी बाबा तुम्हाला कदाचित सांगणार नाहीत. म्हणून मी माझी सांगतो. मला कमी ऐकू येतं हे २००२ लाच कळलं होतं. पहिली नोंद झाली २००७ ला. पाच वर्षं मी ते लपवलं. कारण मेडिकल कॅटेगरी खाली गेली की प्रमोशन अडतं. हवालदाराचा नायब सुभेदार व्हायचा होता, घरी दोन मुली शाळेत. वार्षिक तपासणीला खोलीत काचेचं औषधांचं कपाट होतं. मी पाठ करून उभा राहायचो तेव्हा त्या काचेत डॉक्टरांचे ओठ दिसायचे. ओठ बघून आकडे सांगायचो. छप्पन्न, एकोणचाळीस, बावीस. पास. मला याचा अभिमान नाही, पण गन डिटॅचमेंटमधल्या कुठल्याही जुन्या माणसाला एकट्याला गाठून विचारा, बहुतेकांनी काही ना काही असं केलेलं असतं. नोकरी टिकावी म्हणून गप्प बसलो आणि नंतर त्याच गप्प बसण्यावर बोट ठेवून सांगितलं गेलं की त्रास २००७ ला, पीस स्टेशनमध्ये सुरू झाला. तेव्हा तो सापडला. सुरू कधी झाला होता ते माझ्या बायकोला विचारायला हवं होतं.

म्हणून अपिलात लिहा की पहिली नोंद म्हणजे पहिली जखम नव्हे. बाबांचे जुने सोबती असतील, त्यांच्याच गनवरचे, तर त्यांच्याकडून साध्या भाषेत लेखी घ्या: कुठल्या साली, कुठे, किती फायर. मला माझ्या जुन्या नंबर वनने, म्हणजे आमच्या गनच्या प्रमुखाने, दिलं. ते चंदगडला असतात. मी गेलो तेव्हा आम्ही दोघेही मोठ्यामोठ्याने बोलत होतो, त्यांची सून बाहेर येऊन बघून गेली.

वाट अशी आहे. नामंजुरीवर पहिलं अपील, ते फेटाळलं तर दुसरं. उशीर का झाला ते पहिल्याच परिच्छेदात खरं खरं लिहा: कोणी सांगितलं नाही, कायदा माहीत नव्हता. दोन-तीन पानांपेक्षा जास्त लिहू नका. पोच पावती जपून ठेवा, कारण सहा महिन्यांत उत्तर आलं नाही तर लष्करी न्यायाधिकरणाचा, म्हणजे एएफटीचा दरवाजा उघडतो. हा कायदा २००७ चा, न्यायाधिकरण २००९ ला सुरू झालं, आणि आपल्याला मुंबईचं खंडपीठ. महाराष्ट्र, गोवा, गुजरात तिथेच येतात. दिल्लीला जायची गरज नाही. तिथे अर्ज करताना उशीर माफ करण्याचा वेगळा अर्जही जोडावा लागतो.

पैशाचं स्पष्ट सांगतो, नाहीतर लोक काहीही आकडे सांगतात. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के एवढा डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग, असतो. २० टक्क्यांखाली मिळत नाही. बाबांचे बरोबर २० आहेत, आणि ५० च्या खालचे सगळे पन्नास धरले जातात, त्याला राउंडिंग ऑफ म्हणतात. आधी ते फक्त आजारपणामुळे नोकरीतून काढलेल्यांना देत. पूर्ण सेवा करून आलेल्यांनाही द्यायचं हे सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१४ ला राम अवतार निकालात सांगितलं. तर २० चे ५०, म्हणजे पगाराच्या १५ टक्के. हिशेबाचा पगार ४०,००० असेल तर महिना ६,०००, वर महागाई. अर्जात राउंडिंग ऑफ वेगळं मागा. मागितलं नाही म्हणून राहून गेलेली केस मी पाहिली आहे.

वकील एएफटीत काम करणाराच घ्या आणि फी आधी ठरवून घ्या, टक्क्यांवर नको. साताऱ्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी जाऊन या. २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने वीर परिवार सहायता योजना काढली आहे, ती सैनिक आणि माजी सैनिकांच्या कुटुंबांना कायद्याची मदत मिळावी म्हणूनच. तिथे त्याबद्दल विचारा.

माझ्या शेवटच्या तारखेचं सांगून थांबतो. न्यायाधिकरणाचे साहेब लोक समोर बसलेले, वर पंखे, दोन्ही बाजूंचे वकील भरभर बोलत होते. मला त्यातलं काहीही ऐकू आलं नाही. मशीन लावलं होतं तरी पंख्याचाच आवाज. नंतर वकिलांनी सांगितलं की साहेबांनी एवढंच विचारलं होतं, भरतीच्या वेळी कानाची काही नोंद आहे का? सरकारी वकिलांनी फाईल उलटीपालटी केली. नोंद होती ती ६०० सेंटीमीटरची. मी तोंडाकडे बघत बसलो होतो. आमच्या वकिलांच्या हाताखालच्या मुलीने वहीचं पान फाडून माझ्यापुढे सरकवलं. त्यावर लिहिलं होतं, 'काका, मंजूर.'

श्रवणतज्ज्ञ, पुणे

वरच्या काकांनी कायद्याचं सांगितलं, मी कानाचं सांगते. माझ्याकडे फौजेतले बरेच पेशंट येतात.

आवाजाने गेलेला कान आणि वयाने गेलेला कान ऑडिओग्रामवर वेगळा दिसतो. ऑडिओग्राम म्हणजे डावीकडून उजवीकडे जाडसर आवाजापासून बारीक आवाजापर्यंतचा आलेख, साधारण २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंत. रेष जितकी खाली, तितकं ऐकणं कमी. तोफा-बंदुकांनी कान गेलेल्या माणसाची रेष ४००० हर्ट्झच्या आसपास खड्ड्यात पडते आणि ८००० ला पुन्हा थोडी वर येते. वयाने गेलेल्या कानात ती उजवीकडे उतरतच जाते, वर येत नाही. हा खड्डा शोधा. जुन्या ऑडिओग्रामवर तो असेल तर तो तुमचा मोठा साक्षीदार आहे.

म्हणूनच रिलीज बोर्डाच्या वेळचा ऑडिओग्राम मिळवणं फार गरजेचं आहे. बाबा आता साठीला आले असतील. आज तपासणी केली तर तो खड्डा वयामुळे बुजलेला दिसू शकतो आणि समोरचा म्हणेल हे म्हातारपण. त्रेचाळिसाव्या वर्षी काढलेल्या आलेखाबद्दल तसं म्हणता येणार नाही. नवी तपासणी जरूर करा, पण ती जुन्याच्या जोडीला. तपासणी करणाऱ्याला सांगा की ३००० आणि ६००० हर्ट्झही मोजा, सगळीकडे आपणहून मोजत नाहीत. आदल्या दिवसापासून मोठा आवाज टाळा. ट्रॅक्टर नाही, पिठाची गिरणी नाही. कोणी 'मुद्दाम ऐकू येत नाही म्हणतायत' अशी शंका घेतली तर बेरा नावाची तपासणी करून घ्या. त्यात पेशंटला उत्तर द्यावं लागत नाही, मेंदूकडे जाणारा सिग्नल यंत्र मोजतं.

तुम्ही लिहिलंत की आवाज कळतो पण शब्द कळत नाहीत आणि नातवाची हाक लागत नाही. ते अगदी जुळतं. आतल्या कानात शंखासारखा भाग असतो, त्यात बारीक केसांच्या पेशी असतात. बारीक आवाज पकडणाऱ्या पेशी तोंडाशीच असतात, धमाक्यात त्या आधी मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. दिवसभर, आठ तास, ८५ डेसिबलपर्यंतचा आवाज धोक्याच्या अलीकडचा मानतात. तोफेचा धमाका १४० च्या वर जातो आणि तो एका क्षणात येतो. स्वर जाडसर असतात म्हणून 'आ', 'ओ' ऐकू येतात. स, श, फ, त हे बारीक, ते गळतात. 'साखर आण' म्हटलं की 'आखर आण' पोचतं, मग माणूस अंदाज बांधतो. दिवसभर अंदाज बांधून तो इतका दमतो की शेवटी पारावर जाणंच सोडतो. रातकिडे म्हणजे कर्णनाद, तोही त्याच जखमेचा. बाबा चिडखोर झालेत असं घरात कोणाला वाटत असेल तर एवढं त्यांना सांगा.

केसची वाट बघत मशीन लांबवू नका. ईसीएचएस पॉलिक्लिनिकमधून घ्या, दोन्ही कानांना घ्या. मशीन घेतल्याने दावा कमी होत नाही.

जत, सांगली

माझ्या भावाला बोर्डाने १५ टक्के दिलेत, कान तसेच गेलेत. त्याचं काय?

नायब सुभेदार (निवृत्त), तोफखाना

दादा, त्याची लढाई वेगळी. २० च्या खाली असेल तर सेवेमुळे झालं हे मान्य होऊनही हातात काही पडत नाही. तिथे आधी टक्केवारीलाच हरकत घ्यावी लागते, फेरतपासणीसाठी अपील मेडिकल बोर्ड मागायचं. न्यायाधिकरणही नव्याने बोर्ड घ्यायला सांगू शकतं. श्रवणतज्ज्ञ ताईंनी वर सांगितलेली तपासणी आधी करून ठेवा. वेगळा धागा काढा, मी लिहितो.

खटावची लेक

काका, ताई, काय बोलू. काल रात्री जेवणं झाल्यावर मी काकांचं सगळं लिखाण मोठ्या अक्षरांत छापून बाबांच्या हातात दिलं. वाचून दाखवलं असतं तर अर्धं निसटलं असतं. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. काचेच्या कपाटापाशी आले आणि थांबले. बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही. मग म्हणाले, "आमच्यात कपाट नव्हतं. आमच्यात खिडकी होती."

आई आत भांडी घासत होती, ती तशीच ओल्या हातांनी बाहेर येऊन उभी राहिली. तिला हे कधीच माहीत नव्हतं.

मग ते स्वतःच माळ्यावर चढले. ट्रंक खाली घेतली. डिस्चार्ज बुक मिळालं, पत्र मिळालं, आणि एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला फॉर्म-१६ मिळाला. म्हणजे तो आमच्याकडेच होता. पोस्टिंगचा तक्ता आहे. देवळालीसमोर पी, आणि पहिली नोंद त्याच काळातली, २००६ ची. द्राससमोर एफ. ऑडिओग्राम मात्र नाही आणि भरतीचा कागद नाही. माहिती अधिकाराचा अर्ज आज लिहिला. गनचं विचारलं तर बाबांनी वहीत स्वतः लिहून काढलं, १०५, १३०, बोफोर्स, सालं आणि ठिकाणं. चार पानं भरली. लिहिताना मध्येच एक नाव लिहिलं आणि पुढे काहीच लिहिलं नाही, मी विचारलं नाही.

काका, दोन शंका. पोस्टल ऑर्डर कोणाच्या नावाने काढू? आणि त्यांच्या गनवरचे एक सोबती फलटणला आहेत, त्यांनाही कमी ऐकू येतं. त्यांचं लेखी चालेल का, की त्यांचाही दावा असला तर अडचण?

नायब सुभेदार (निवृत्त), तोफखाना

पोस्टल ऑर्डर अकाउंट्स ऑफिसरच्या नावाने, पुढे त्या कार्यालयाचं नाव. तिचा नंबर अर्जात लिहा आणि झेरॉक्स काढून ठेवा.

फलटणच्या सोबत्याचं लेखी चालतं. त्यांचा दावा असला तरी चालतं, उलट त्यांना म्हणावं तुम्हीही कागद काढा. जाताना बाबांना घेऊन जा, तुम्ही एकट्या जाऊ नका. आणि वही बरोबर ठेवा, दोघांना एकमेकांचं ऐकू येणार नाही.